आखावर तोललेली पिकअप

जुनी गाडी म्हणजे मेलेली गाडी, असं मला कोणी सांगायला येऊ नये. गाडी मरत नाही, तिचा मालक कंटाळतो. मागच्या उन्हाळ्यात सावंगीच्या मेडिकलमधली एक डॉक्टरीण तिच्या आजोबांची पिकअप टोचन लावून माझ्या शेडवर घेऊन आली. गाडीत उंदरांनी संसार मांडला होता. पोरगी म्हणाली, "काका, मला सगळं ओरिजनल पाहिजे. एक बोल्टही लोकल नको." मी म्हटलं, "बाई, ओरिजनल तर तुझे आजोबा होते. ते गेले ना? मग बोल्टाचं काय घेऊन बसली." रागावेल असं वाटलं होतं, पण हसली. तिच्याशी माझं जमलं. इंजिन गाडीचंच ठेवलं, गिअरही गाडीचेच, ब्रेक मात्र आजचे टाकले, कारण रस्त्यावरची गर्दी आजची आहे. शेवटी ती म्हणाली, "हौदा मागून थोडा लांब करून द्या ना, काका. कॅम्पला जाताना गाद्या मावतील." मी म्हटलं, "मागून एक बोटही वाढणार नाही. पाहिजे तर गाडी आत्ता घेऊन जा." तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझी सून चहा घेऊन उभी होती, तिलाही तेच वाटलं असेल. संध्याकाळी सुनेनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, हे लिहून काढा. मी चौथी शिकलेला माणूस. काना-मात्रा ती पाहून घेते, बाकी जे आहे ते माझं आहे.

आम्ही हिंगणीचे. धरणाकडचं जंगल जवळ, म्हणून लाकूड जवळ, म्हणून आमचं घर तिथं. माझे बाबा कवडू मिस्त्री. बैलबंडी बनवायचे. आमच्या अंगणात पाय ठेवला की आधी लाकडाच्या छिलप्याचा वास यायचा, मग माणसं दिसायची. सकाळी मला कोंबड्यानं कधी उठवलं नाही, लाकूड तासायच्या वाकसानं उठवलं. बाबा बाभळीच्या ओंडक्यावर वाकस चालवत तेव्हा त्याला एक ठेका असायचा. तो मध्येच थांबला की माय चुलीपाशी मान वर करायची. "काय झालं वं?" असं ती कोणाला न विचारताच म्हणायची. ठेका पुन्हा सुरू झाला की भाकर थापायला लागायची. आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त होते. रंध्याचा आवाज, कानसेचा आवाज, आणि दुपारी सगळे जेवायला बसले की नुसता भाकर मोडल्याचा आवाज.

चाकावर धाव चढवायचा दिवस आमच्याकडे सणासारखा होता. धाव म्हणजे चाकाचा लोखंडी पट्टा. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती तापवायची. लालबुंद झाली की लांब चिमट्यांनी चौघांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची. लाकूड भडकून पेटायचं, बाबा "पानी!" असं ओरडायचे आणि बायका घागरी रिकाम्या करायच्या. त्या वाफेत चाकाचे आरे कडाकड आवळले जायचे, जणू कोणी हाडं मोडून घेतंय. त्या दिवशी माय सगळ्यांसाठी पातोडीची भाजी करायची. तिखट असायची, नाकातून पाणी यायचं, आणि धुरानं आधीच लाल झालेल्या डोळ्यांनी माणसं जेवत बसायची.

पण बाबांचं नाव चाकासाठी नव्हतं, तोलासाठी होतं. बंडी भरल्यावर पुढं जड झाली तर जू बैलाच्या मानेवर बसतं, मान सुजते. मागं जड झाली तर जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास लागतो. अशा मागं कलणाऱ्या बंडीला आमच्याकडे उलार म्हणतात, आणि ज्या सुताराची बंडी उलार झाली त्याला मग खाटा विणून पोट भरावं लागतं. बाबा बंडी तयार झाली की तीत गोण्या भरायचे, पुढं जायचे आणि जू एका हातानं उचलून दाखवायचे. सगळं वजन आखावर तोललेलं, मागं ना पुढं. भरलेली बंडी त्यांच्या हातात सुपासारखी वर यायची. बघणाऱ्याकडे ते बघायचेही नाहीत. जू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "घेऊन जा." घेणाऱ्यानं स्वतः जू उचलून पाहिलंय, असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. कवडू मिस्त्रीची बंडी तपासायची म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणायचं.

मग टायरच्या बंड्या आल्या. लोखंडी सांगाडा, रबरी चाकं, वेल्डिंगच्या दुकानात सकाळी सांगितली की संध्याकाळी तयार. आमच्या अंगणात लाकूड सुकत राहिलं. वाकसाचा ठेका मध्येच थांबायला लागला आणि माय मान वर करून तशीच बसून राहायला लागली. घरात उकळपेंडी जास्त वेळा होऊ लागली, कारण ती थोड्या पिठात होते. रस्त्यानं टायरची बंडी गेली की बाबा तोंड फिरवून थुंकायचे.

मी तोवर सेलूच्या रस्त्यावर इस्माईल उस्तादांकडे इंजिनाचं काम शिकलो होतो. त्या वयात मला लोखंडाचं वेड लागलं होतं आणि ते अजून उतरलेलं नाही. उस्ताद मिलिटरीच्या लिलावातून सुटलेल्या गाड्या जिवंत करायचे. नागपूरच्या भंगार बाजारातून पार्ट आणायचे. पार्ट एका हातात घेऊन दुसऱ्या हातातल्या पान्यानं वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "डब्बे पे क्या लिखा है वो मत पढ. इसकी आवाज सुन." मला हे पटलं, कारण वाचण्यापेक्षा ऐकणं मला घरापासूनच येत होतं. पण घरी माझे काळे हात बाबांना चालत नव्हते. "तेल्या आला," ते म्हणायचे. "माह्या लाकडाले हात लावू नको, डाग जात नाई." माय माझ्या हातावर राख चोळायची, मग साबण, मग पुन्हा राख. तरी भाकरीला पेट्रोलचा वास यायचा आणि बाबा आपलं ताट थोडं पलीकडे सरकवायचे. वीस वर्षांचा होईपर्यंत मी बापाच्या ताटाला ताट लावून जेवलो नाही.

अशा वेळी दौलतरावांची पिकअप आली. दौलतराव केळीचे व्यापारी. सेलूकडच्या मळ्यांतली केळी ते नागपूरला पाठवायचे. त्यांनी लिलावात एक अमेरिकन पिकअप घेतली होती. स्टिअरिंग डाव्या हाताला, नाक लांब, आणि मागचा लोखंडी हौदा गंजून चाळणी झालेला. चिंचेखाली तिला इतके दिवस झाले होते की बोनेटमध्ये मधमाश्या होत्या. दौलतरावांना इंजिन उस्तादांकडून पाहिजे होतं आणि हौदा लाकडी पाहिजे होता. लोखंडावर केळी काळी पडतात म्हणे. ते स्वतः आमच्या अंगणात आले आणि बाबांना म्हणाले, "कवडूजी, हौदा तुमच्याच हातचा पाहिजे. दुसऱ्याले मी गाडीले हात लावू देत नाई."

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चेसिसवर टकटक केली. मग खाली बसून मागच्या आखाकडे खूप वेळ पाहिलं. "बांधतो," म्हणाले.

मायनं त्या दिवशी गोड केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "बाप-लेक एका गाडीवर काम करून राह्यले, आनखी कोनता सण पायजे?"

पिकअप आमच्याच अंगणात उभी राहिली. पुढं मी आणि उस्ताद, मागं बाबा. मला ते दिवस फार सुखाचे वाटले असं लिहायला हवं, पण तसं नव्हतं. पुढं पान्याचा आवाज आणि मागं वाकसाचा, दोन्ही एकमेकांना ऐकू न जाईल असे जोरानं. मी स्टिअरिंग बॉक्स भंगारातून शोधून आणला होता, तिच्याच जातीचा, ओरिजनल. चार दुकानं फिरलो होतो त्याच्यासाठी. बाबांनी तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "हे मेलेल्या गाडीतलं काढलं ना?"

"हो. पण ओरिजनल आहे, बाबा."

"वरिजनल म्हंजे का? ज्याच्या कामाले जे येते ते वरिजनल. मेलेल्याचं हाड जित्याले लावून राह्यला अन् मले सांगते."

मी बॉक्स त्यांच्या हातून घेतला आणि पुन्हा कामाला लागलो. उस्ताद हसले. पण हौदा वर यायला लागला तेव्हा मात्र मला गप्प राहवेना. सागाच्या फळ्या, बाभळीचे आडवे, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, काम असं की हात फिरवत राहावं. पण हौदा मागच्या चाकांच्या मागं जातच चालला होता. चेसिस संपली तरी फळ्या संपेनात. मागून बघितलं तर गाडीला शेपूट फुटल्यासारखं दिसत होतं.

"बाबा, एवढा मागे काऊन?"

बाबांनी वाकस खाली ठेवला. मला वाटतं, हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते वाट पाहत होते. "हे पाय," ते म्हणाले, "बंडीले आख एकच. सगळं त्याच्यावर तोलते. तुह्या गाडीचा आख हा. पुढं हे इंजन, एवढं लोखंड. हे जू झालं. एवढं जड जू घेऊन कोनता बैल चालन? म्हून मागं तेवढंच वजन बसलं पायजे. मंग गाडी हलकी चालते."

"पुढं पन चाकं आहेत ना, बाबा. बैल नाईत."

"चाकं आहेत म्हून त्याइच्यावर लादायचं का? मुके आहेत म्हून?"

उस्तादांकडे मी पाहिलं. ते पान्याच्या डब्यात काहीतरी शोधत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुढ्ढे के मुँह कौन लगेगा? मालिक को पसंद है ना? बस." मी उस्तादांना आजही मानतो, पण त्या दिवशी त्यांनी माघार घेतली हे मी विसरलेलो नाही.

गाडी तयार झाली तशी गाव लोटलं. पहिली खेप दौलतरावांनी स्वतः भरली. घड रचले, वर हमाल बसले, नेहमीप्रमाणे अगदी मागच्या फाळक्याशी, कारण तिथून उतरायला सोपं. बाबा त्यांच्यातच बसले. पुढं बस म्हटलं तर म्हणाले, "म्या बांधलं तथीच मी बसन." मी चालवत होतो, उस्ताद शेजारी. सपाटीला गाडी इतकी हलकी चालली की मलाच शंका आली, आपण बापाला उगाच बोललो की काय. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं. केळझरच्या चढावर गेलो तेव्हा ते आणखी हलकं झालं. मग वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं, पूर्ण फिरवलं, आणि गाडी सरळच गेली. हातात काहीच नव्हतं, नुसतं एक गोल लोखंडी कडं फिरत होतं. रस्ता सुटला, पळसाच्या झुडपांत घुसलो आणि एका बांधाला टेकून थांबलो. मागं हमाल ओरडत उड्या मारून उतरले. केळीचे घड रस्ताभर पडले. कोणाला लागलं नाही. बांध दोन हात पलीकडे असता तर मी हे लिहायला नसतो आणि बाबाही नसते.

बाबा कपडे झटकत पुढं आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "तुह्या भंगारातल्या हाडानं दगा देल्ला."

तिथं रस्त्यातच भांडण लागलं. दौलतराव मागून दुसऱ्या गाडीनं आले, त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं. एकीकडे वीस वर्षांचा पोरगा आणि भंगारातला पार्ट. दुसरीकडे कवडू मिस्त्री, ज्यांची एकही बंडी पंचक्रोशीत उलार झाली नव्हती. त्यांनी कोणाचं खरं मानलं असेल? "स्टिअरिंग नवं टाका," ते म्हणाले. "नागपूरहून नवं, डब्ब्यातलं. बाजाराच्या दिवशी मले गाडी पायजे, माल अन् मानसं घेऊन जाईन." हमाल मान डोलवत होते. त्याच हमालांना त्या शेपटावर बसून पुन्हा तो चढ चढायचा होता.

मी पडलेले घड उचलायला मागं राहिलो, तेव्हा मला दिसलं. आमची गाडी रस्ता सोडून जिथं मऊ मातीत उतरली होती, तिथं मागच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या, पाणी साचेल एवढ्या. आणि जिथवर फक्त पुढची चाकं पोचली होती तिथं? मी खाली बसून शोधल्या. नांगरलेल्या मातीवरून कोणी तळहात फिरवावा, तेवढीच निशाणी. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती.

घरी येऊन मी सांगितलं की स्टिअरिंगला मी हात लावणार नाही. आधी हौदा कापा. बाबांनी जेवता जेवता ताट बाजूला केलं. "माह्या हातची गाडी उलार आहे म्हनतोस?" त्यांनी विचारलं.

"हो."

मायच्या हातातला पळा खाली पडला. त्या घरात तो शब्द कोणी कधी बापासाठी वापरला नव्हता. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन रंधा मारत बसले, काही काम नसताना. माय मला म्हणाली, "महादेवा, तुह्या बापाजवळ एवढं एकच उरलं आहे बापू. ते तरी राहू दे." मी म्हटलं, "माय, त्या फाळक्यावर मानसं बसतीन." ती म्हणाली, "ते बी खरं आहे." आणि पदरानं चुलीवरचं पातेलं उतरवून खाली ठेवलं, न शिजलेलंच.

मग उस्ताद नागपूरहून नवा स्टिअरिंग बॉक्स घेऊन आले. चकचकीत, रंग ताजा. मी वाजवून पाहिला. रिकाम्या भांड्यासारखा पोकळ वाजला. मी तो बाजूला ठेवला आणि बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. दौलतराव आले होते, हमाल आले होते, शेजारी कुंपणाशी उभे होते. मी हे मुद्दाम सगळ्यांसमोर केलं. एकट्यात केलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं, आणि गाडी गेली असती. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही बंडी देता तशी ही गाडी द्या. भरा, अन् जू उचलून दाखवा."

बाबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. कितीतरी दिवसांत कोणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः गोण्या रचून घेतल्या, बंडीत रचतात तशा, आखाच्या हिशोबानं. हमालांना म्हणाले, "बसा रे, जसे बसता तसे." हमाल फाळक्याशी जाऊन बसले. बाबा पुढं आले. धोतर खोचलं, बंपरखाली दोन्ही हात घातले आणि उचललं.

ती गाडी वर आली. इंजिन, रेडिएटर, लांब नाक, सगळं. कमानी कण्हल्या आणि पुढची चाकं जमिनीपासून सुटली, भाकर सरकेल एवढी. कुंपणाशी उभी असलेली माणसं "अरे बापा!" म्हणाली. एक हमाल वरून ओरडला, "कवडूबुवा, खोबरं वाटा आता!" बाबांचा चेहरा असा उजळला होता की मी तसा तो त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मानेच्या शिरा ताठलेल्या आणि तोंडभर हसू. "पाय," ते मला म्हणाले. "पाय कशी तोलली आहे! लोखंडाची गाडी आहे, सुपासारखी आली! कोन म्हनते उलार?"

आणि खरंच, तोल अगदी बरोबर होता. एवढं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलं नाही. त्यांनी ते लोखंडी धूड बंडीसारखं एका आखावर तोलून दाखवलं होतं.

मी डाव्या दारातून आत बसलो. म्हटलं, "बाबा, असेच धरून ठेवा." आणि स्टिअरिंग फिरवलं. चाकं हवेत डावीकडे वळली. मग उजवीकडे वळली. कशालाही न लागता, माशी पंख हलवते तशी.

"हे चाक रस्त्याले धरते कशानं, बाबा?" मी विचारलं. "बंडीले बैल वळवते. हिले हे वळवते. अन् हे तर वर आहे."

बाबांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात गाडी तशीच होती. मी पुन्हा स्टिअरिंग फिरवलं. चाकं पुन्हा फिरली. वर बसलेले हमाल एकेक करून फाळक्यावरून उतरायला लागले. ते उतरले तसं पुढचं वजन परत आलं आणि बाबांच्या हातांना ते पेलेना. त्यांनी गाडी खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली. मग हात झटकले आणि दौलतरावांना म्हणाले, "मालक, उद्या नेजा. आज हिचं काम राह्यलं आहे."

सगळे गेल्यावर त्यांनी मोठी करवत काढली. ती दोघांनी ओढायची असते, एकानं इकडून, एकानं तिकडून. मी दुसऱ्या बाजूला जाऊन मूठ धरली. बाबा म्हणाले, "सोड." मी सोडली. मग ती करवत एकट्यानं चालत नाही म्हणून त्यांनी हातकरवत घेतली आणि स्वतः बांधलेला हौदा मागच्या चाकांशी कापायला सुरुवात केली. सागाचा भुसा त्यांच्या पायांवर पडत होता. माय पाणी घेऊन गेली, त्यांनी घेतलं नाही. उस्ताद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू सही था." मी म्हटलं, "मले माहीत आहे, उस्ताद." आणि तोंड धुवायला गेलो, कारण मला तिथं उभं राहता येत नव्हतं. दिवस कलेपर्यंत करवत चालली. शेपूट खाली पडलं, फाळका पुढं सरकवून पुन्हा बसवला, पट्ट्या ठोकल्या. कापलेल्या कडेवर त्यांनी रंधाही मारला. अर्धवट काम ते करत नसत.

जुनाच स्टिअरिंग बॉक्स ठेवून मी दुसऱ्या दिवशी गाडी भरून केळझरचा चढ चढलो. वळणावर स्टिअरिंग जड लागलं आणि गाडी हुकमी वळली. दौलतराव शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या तोंडून ही गोष्ट नागपूरपर्यंत गेली. बापाला पोरानं कसं दाखवलं, म्हणून ते हसत हसत सांगायचे. त्यांच्यामुळं लोक मला शोधत यायला लागले. जुन्या जीपा, मिलिटरीच्या पिकअप, काही तर नुसत्या चेसिस. आमच्या अंगणात पुन्हा आवाज सुरू झाले. घरात गव्हाच्या पोळ्या होऊ लागल्या. बाबांनी पुन्हा कोणत्याही गाडीला हात लावला नाही. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. अंगणाच्या एका कोपऱ्यात ते बंड्याच बांधत राहिले, ज्या थोड्या कोणी सांगायचं त्या. माझ्या गाड्या वाढल्या तसा तो कोपरा लहान होत गेला.

लोक म्हणतात, वेळ गेली की सगळं बरं होतं. माझा तसा अनुभव नाही. मी बरोबर होतो हे जगानं मान्य केलं, बाबांनीही केलं, आणि त्यानं घरात काही सुधारलं नाही. जेवताना ते आता ताट पलीकडे सरकवत नसत. उलट माझं ताट आधी वाढायला सांगत. "त्याले वाढ, त्याले काम आहे."

मग एके दिवशी अल्लीपूरकडून एक शेतकरी बंडी न्यायला आला. मी एका जीपच्या खाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होतो. मला फक्त पाय दिसत होते, बाबांचे अनवाणी आणि त्याचे धुळीनं भरलेल्या चपलांतले. बंडीत गोण्या भरलेल्या होत्या. बाबा पुढं गेले, जू उचललं, खाली ठेवलं. "घेऊन जा," म्हणाले.

तो माणूस जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. मी एकवार उचलून पाहू का?"

वरून तेलाचा एक थेंब माझ्या कपाळावर पडला आणि कानाकडे ओघळत गेला. मी पुसला नाही.

"पाय ना," बाबा म्हणाले. "चांगलं पाहून घे. सारे पाहूनच घेतात आता."

त्या चपला पुढं सरकल्या. जू वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. बाबांचे पाय बाजूला झाले, त्याला जागा द्यायला. बंडी चांगलीच होती. तो बैल जुंपून निघून गेला, लोखंडी धावेचा खडखड आवाज रस्त्यावर दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिलो. गिअरबॉक्सचे बोल्ट केव्हाच ढिले झाले होते. तरी मी पाना लावून ते फिरवत राहिलो, बाबा घरात जाईपर्यंत.